जानू बंडबे यांच्या शैलीत

रविवार, १५ फेब्रुवारी २०३२. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी देवरुखच्या मंडपात तुरेवाल्या शाहिरानं एका सवालाचं उत्तर गाऊन दाखवलं. तो सवाल तोवर कुणी विचारलेलाच नव्हता.

सवाल आंबवकोंडच्या वाघजाई नाच मंडळाच्या वहीत होता. सामन्यात त्यांची बाजू शक्तीची. तिसऱ्या गाण्यात, साधारण साडेचारला, तो समोर टाकायचा असं ठरलं होतं. तो पुरता ठाऊक असलेली माणसं तीन: मंडळाचे शाहीर जानूबुवा बंडबे, ढोलकीवाला मंगेश जोगळे आणि मंगेशची बायको दर्शना, जिनं तो लिहिला. कोरसमध्ये गाणाऱ्यांना फक्त ध्रुवपद शिकवलं होतं.

शक्ती-तुऱ्याचा वाद जुना आहे. शक्तीवाले म्हणतात शक्ती मोठी, तुरेवाले म्हणतात शिव मोठा. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथे गाण्यातूनच तो फोडायचा. पूर्वी सामने उजाडेपर्यंत चालत. ध्वनिक्षेपकाचे नियम कडक झाल्यापासून दुपारी दोनला सुरू होतात आणि सातच्या आत उरकतात. बाकी रीत तीच. सवाल फोडला गेला तर टाकणाऱ्याची मान खाली जाते. सामन्याआधी वही बाहेर गेली तर मंडळाचं तोंड काळं होतं.

दर्शनाचा सवाल असा होता: जन्मलं, नाळ तुटली, तरी आईच्या अंगातून कधीच निघून जात नाही, असं लेकरू कोणतं? ती प्राथमिक आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन होती. रत्नागिरीला एका प्रशिक्षणात तिनं ऐकलं होतं की पोटातल्या बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात, आणि मूल मोठं होऊन संसाराला लागलं तरी काही बायकांच्या अंगात त्या सापडतात. शिव मोठा म्हणणाऱ्यांना हे विचारायचं, असं तिनं तिथेच ठरवलं. पोथ्या पालथ्या घालून हे उत्तर हाती लागणार नव्हतं.

संदेश धुमकच्या हाती ते लागलं होतं. बत्तीस वर्षांचा हा तुरेवाला शाहीर माइकपुढे आला, जानूबुवांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बुवा, पुढं काय विचारणार ते अंदाजानं सांगतो. चुकलं तर लहान समजून माफ करा." आणि गायला लागला.

देह सुटे, नाळ तुटे, घर सोडुनी बाळ जाई
रक्ताच्या थेंबात त्याचा अंश जपून ठेवी आई

पडद्याआड उभ्या असलेल्या दर्शनाच्या हातातला पाण्याचा तांब्या कलंडला. नुसतं उत्तर जुळलं असतं तर ती योगायोग म्हणाली असती. ओळी तिच्या होत्या, वहीत सवालाखाली उत्तर म्हणून लिहून ठेवलेल्या. चाल तिची होती. 'थेंबात' म्हणायच्या आधी अर्धी मात्रा थांबायचं, तेही तिचंच होतं.

मंडपात शिट्ट्या झाल्या. जानूबुवांनी फेटा सारखा केला, मान वळवून पडद्याकडे एकदाच पाहिलं, आणि तिसरं गाणं सोडून तीस वर्षांपूर्वीचं एक जुनंच गाणं लावलं. सहा चाळीसला निकाल लागला. सामना तुऱ्याचा झाला.

त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट व्हायची होती. वाघजाई मंडळाची रीत अशी की शिष्यानं कितीही लिहिलं तरी गाण्याच्या डोक्यावर आणि शेवटच्या ओळीत नाव गुरूचं. गुरू ज्या दिवशी भर मंडपात नारळ देऊन 'आता आपलं नाव लाव' म्हणेल, त्या दिवसापासून गाण्यावर शिष्याची छाप. दर्शना अकरा वर्षं लिहीत होती. मंडळात आजवर कुठल्याच बाईला नाव मिळालेलं नव्हतं. निकालानंतर जानूबुवा ते तिला देणार होते. नारळ मंगेशच्या पिशवीत होता. तो पिशवीतच परत आला.

*

मंगेश शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. त्याच व्हॅनमधून मंडळ परत निघालं. जानूबुवा पुढच्या सीटवर, मांडीवर फेटा. देवरुख मागे पडलं.

"वही कुणाच्या हातात दिलीस?" बुवांनी मागे न बघता विचारलं.

"कुणाच्या नाय, बुवा. कपाटात हाय. चावी माझ्या गळ्यात."

"मंग धुमक काय सपनात येऊन वाचून गेला?"

मागच्या सीटवरून तात्या साळवी, मंडळाचे सगळ्यांत जुने झांजवाले, हळूच म्हणाले, "बायकांच्या हाती वही दिली की असाच होणार. मी बोललो व्हतो."

"तात्या, तुम्ही आज झांज तरी तालात वाजवलीत काय?" दर्शना म्हणाली.

मंगेशनं आरशातून तिच्याकडे पाहिलं. गप्प बस, असं ते बघणं होतं. व्हॅन बुवांच्या दारात थांबली. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा कुणाचा हात न घेता खाली उतरला.

"दर्शना, उद्यापास्नं तालमीला येव नको."

"बुवा, माझं ऐकून तरी घ्या."

"ऐकलंच की गो बाय. हजार माणसांनी ऐकलं."

घरी आल्यावर मंगेशनं नारळ देवाजवळ न ठेवता ओट्यावर ठेवला. "त्या यंत्रात काय काय घातलंयस तू?" त्यानं विचारलं. दर्शना भांडी घासत राहिली. खरं तर व्हॅनमध्येच तिच्या मनात तोच प्रश्न आला होता.

*

यंत्र म्हणजे 'नादबिंब' नावाचं ॲप. चार वर्षांपूर्वी तिनं ते फोनवर घेतलं. तिला कुठलंच वाद्य वाजवता येत नव्हतं, आवाजही बेताचा. पण डोक्यात चाली येत. केंद्रातून सुटल्यावर, घरी येताना, ती फोनमध्ये गुणगुणायची. ॲप त्या गुणगुणण्याला ढोलकी, झांज, पेटी, कोरस सगळं लावून मिनिटभरात पूर्ण गाणं हातात द्यायचं. आवडलं नाही तर 'ढोलकी जरा चढती' असं म्हणायचं, ते बदलून यायचं. पूर्वी तालमीला माणसं जमेपर्यंत महिना जाई आणि चाल विसरली जाई. आता चाल आली त्या दिवशीच पुरी होत होती. मंगेशला हे फारसं रुचलेलं नव्हतं. "माझ्यापेक्षा बरी वाजवतो तुझा फोन," असं तो एकदा हसून म्हणाला होता, आणि दुसऱ्यांदा न हसता.

बुवांचा दम आता पुरत नसे. कुठल्या पट्टीत त्यांना सोपं जाईल हे बघायला तालमीत ती त्यांचं गाणं फोनवर टिपून घ्यायची आणि ॲपमध्ये चढवायची. बुवांना तिनं हे विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

गाणं साठवताना ॲप एक रकाना दाखवायचं: रचनाकाराचं नाव. वहीत गाण्याच्या डोक्यावर जे लिहायचं तेच तिनं तिथे लिहिलं. एकतीस गाणी, एकतीस वेळा: जानू बंडबे.

*

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं लॅबचं दार लावून घेतलं आणि नव्या, रिकाम्या खात्यातून नादबिंब उघडलं. ती नुसत्या संशयावरून बोलणारी बाई नव्हती. नमुना घ्यायचा, तपासायचा, पुन्हा तपासायचा आणि मगच रिपोर्टवर सही करायची, ही तिची सवय.

आधी लिहिलं: 'शक्ती-तुरा, शक्तीवाल्यांचा सवाल.' जे आलं ते कुठल्याही जत्रेतलं वाटलं असतं. मग लिहिलं: 'जानू बंडबे यांच्या शैलीत सवाल.'

सतरा सेकंदांनी बुवा गायला लागले.

बुवाच. वरचा षड्ज लावण्याआधी ते नाकातून घेतात तो श्वास, 'श'चा किंचित 'स'. आणि शब्द तिचे. वही आणि तिचा फोन सोडून कुठेही न गेलेले, मागच्या दिवाळीत लिहिलेले. तिनं दहा वेळा मागितलं. दहातल्या सात वेळा तिच्या वहीतली ओळ जशीच्या तशी आली. चार वेळा तोच सवाल, उत्तरासकट. मग पडताळ्यासाठी इतर शाहिरांची पाच नावं घातली. तिची ओळ एकदाही आली नाही. रक्तगटाच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर तिनं तारीख, वेळ आणि आकडे लिहिले. आकडे पुन्हा गिरवले.

शेवटी तिनं लिहिलं: 'दर्शना जोगळे यांच्या शैलीत.'

पडद्यावर उत्तर आलं: 'या नावाची शैली सापडली नाही. जवळची शैली: जानू बंडबे. ती वापरू का?'

तिनं फोन टेबलावर उपडा टाकला. दारावर थाप पडली. बाहेर साखर तपासायला आलेल्या एक आजी उभ्या होत्या. दर्शनानं त्यांचं बोट टोचलं, जरा जास्तच जोरात, आणि मग माफी मागितली.

*

संदेश धुमकचं साखरप्याला रंगाचं दुकान होतं. बुधवारी ती तिथे गेली तेव्हा तो डबा हलवायच्या यंत्रात पिस्ता रंग मिसळत होता. तिला बघून त्यानं यंत्र बंद केलं नाही.

"या, वहिनी. चहा सांगू?"

"चहाला नाय आले. वही कुठून मिळाली ते विचारायला आले."

"कुठली वही?"

"संदेश, माझ्या तोंडावर खोटं बोलू नको. माझ्या ओळी गायलास तू."

"जानूबुवांच्या ओळी," तो म्हणाला. "म्हणजे तशा त्यांच्याही नाहीत. त्यांच्यासारख्या. मी नादबिंबला विचारलं, जानू बंडबे पुढच्या सामन्यात काय विचारतील. त्यानं दहा-बारा सवाल दिले. त्यातला हा निराळा वाटला म्हणून घेतला. सगळेच शाहीर समोरच्याचं नाव घालून बघतात आता. पूर्वी जुन्या कॅसेटी ऐकायचे, आता हे."

"आणि ते तुला अंदाज वाटलं?"

"यंत्र अंदाजच करतं की. आणखी काय करणार?"

तिनं रजिस्टरचं पान त्याच्यापुढे धरलं. गाणं कधी लिहिलं, कधी चढवलं, दहातून किती वेळा आलं. त्यानं दोनदा वाचलं. मग यंत्र बंद केलं. दुकानात एकदम शांत झालं.

"म्हणजे हे तुम्ही लिहिलेलं."

"मी लिहिलेलं."

"जानूबुवांची म्हणून आम्ही ऐकतो ती गाणी..."

"एकतीस माझी. त्याच्या आधीची पण बरीच. आता बुवांना येऊन सांगशील काय, कुठून मिळालं ते?"

संदेशनं हात फडक्याला पुसले. "वहिनी, सामना जिंकलो मी. भर सभेत येऊन सांगू, की मला फोननं जिंकवलं? आमचं मंडळ काय म्हणेल? आणि तुमच्या बुवांची वही म्हणजे तुमची वही, हे सांगू? ते चालेल त्यांना?"

ती बाहेर पडली. रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की या माणसाला शिव्या घालायच्या म्हणून ती बत्तीस किलोमीटर आली होती, आणि एकही घालता आली नव्हती. त्याचा तिला जास्त राग आला.

*

नादबिंब चालवणाऱ्या कंपनीकडून पहिली सहा उत्तरं यंत्रानंच लिहिली. सगळ्यांत 'तुमच्या भावना आम्ही समजू शकतो' असं होतं. सातव्या पत्रात दर्शनानं लिहिलं, 'तुम्हाला भावना नाहीत. माणूस द्या.' शुक्रवारी, १२ मार्चला सकाळी अकराला माणसाचा फोन आला. नाव ओजस केळुसकर, बोलणं गोड.

"मॅडम, सगळ्यात आधी, कुणीही तुमची फाइल कुणाला दिलेली नाही. मॉडेलमध्ये गाणी साठवलेली नसतात. लाखो गाणी ऐकून ते फक्त कल शिकतं. कुठल्या सुरानंतर कुठला सूर येण्याची शक्यता किती, एवढंच."

"मग माझं गाणं अख्खं कसं आलं?"

"तुम्ही लॅबमध्ये आहात, पत्रात लिहिलंय ना? मग असं बघा. हजार माणसांचं रक्त एका बाटलीत ओतलं, तर त्यातून एका माणसाचं वेगळं काढता येणार नाही. सिनेमातल्या गाण्यांचं तसंच होतं. एवढी आहेत, की एकही जशीच्या तशी उरत नाही."

"आणि शक्ती-तुऱ्याची?"

"त्या प्रकाराची आमच्याकडे त्रेचाळीस होती."

"त्यातली एकतीस माझी."

"हो."

"म्हणजे बाटलीत रक्तच माझं. वरून लेबल दुसऱ्याचं."

"लेबल तुम्हीच लावलंय, मॅडम," ओजस म्हणाला. ते खरं होतं. तो पुढे सांगत राहिला. ज्या नावाखाली नमुने थोडे आणि एकसारखे असतात, ते नाव मॉडेलला खुंटीसारखं होतं. नाव घेतलं की त्यावर टांगलेलं सगळं खाली येतं. चार वर्षांपूर्वी ॲप घेताना 'सेवा सुधारण्यासाठी वापरू' अशी एक खूण आधीच केलेली होती, ती तिनं काढली नव्हती. शिकलेल्या मॉडेलमधून एक गाणं उपसून काढता येत नाही. मात्र बाहेर पडण्याच्या वाटेवर ती गाणी अडवणारी गाळणी बसवता येते, आणि पुढच्या आवृत्तीत ती गाणी वगळता येतात.

"बसवा मग गाळणी. आज."

"त्यासाठी रचनाकाराचा अर्ज लागतो."

"मी करते."

"रचनाकार म्हणून नोंद जानू बंडबे यांची आहे. तुम्ही फक्त चढवणाऱ्या. अर्जात एक रकाना आहे, खरा रचनाकार कोण. त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं तरी चालेल, तुमचं लिहिलं तरी चालेल. दोन्ही बाबतीत गाळणी बसेल. फक्त यापुढे कायम नोंद त्या नावाची राहील. ओळख पटवायला त्यांनी ॲपवर दहा मिनिटं बोलायचं."

"चोरी झाली हे पटवायला चोराच्या घरी आणखी दहा मिनिटांचा आवाज ठेवून यायचा?"

"कागदी अर्जही चालतो. ग्रामपंचायतीचा शिक्का लागेल. एकतीस मार्चच्या आत पोचायला हवा, नाहीतर पुढची आवृत्ती याच नोंदींवर तयार होईल." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "मॅडम, गाणं फार छान आहे. आमच्याकडे सगळ्यांनी ऐकलं."

दर्शनानं फोन ठेवला. असं कौतुक ऐकायला ती अकरा वर्षं थांबली होती. आता ते तोंडात आलेल्या केसासारखं वाटलं.

*

शिमग्याच्या पालख्या सुरू व्हायच्या आधी हा विषय मिटवायचा म्हणून रविवारी, २१ मार्चला सकाळी दहाला वाघजाईच्या सभामंडपात मंडळ बसलं. चौदा पुरुष. दर्शनाला बोलावलं ते साडेदहाला. बुवा खांबाला टेकून बसले होते. महिनाभरात ते वाळले होते.

तिनं सगळं सांगितलं. फोन लावून ऐकवलंही. फोनमधून बुवांचा आवाज आला तेव्हा दोघंतिघं दचकून खांबाकडे बघायला लागले. बुवांचं तोंड मिटलेलं होतं.

"बंद कर," ते म्हणाले. "जल्लं तुझं यंत्र. माझा गळा कुणाला विचारून घातलास त्यात?"

"कुणाला नाय विचारलं. ती चूक माझी, बुवा. त्याची काय शिक्षा द्यायची ती द्या."

"आणि नाव? माझं नाव कशाला चिकटवलंस? जगभर बोंब झाली, जानू बंडबे फोनमधनं गातो."

"रीत हाय म्हणून."

"रीत वहीची हाय. बाजारात मांडायची नाय."

तात्या साळवींनी घसा खाकरला. "माफी मागून टाक गो. बुवा कंपनीला लिवतील, गाणी माझी हायत, काढा म्हणून. विषय संपला. पुढच्या पाच-सात वर्षांत नावाचं बघू."

"गाणी कुणाची हायत, तात्या?"

"आता बुवांच्या नावावर हायत म्हणजे..."

"कुणाची हायत?"

मंगेश उठून तिच्याजवळ आला. "दर्शना, घरी चल. नंतर बोलू."

"नंतर कधी? तू ढोलकी वाजवलीयस त्या प्रत्येक गाण्यावर. मी चुलीसमोर बसून शब्द जुळवत होते तेव्हा तू तिथंच जेवत होतास. आज चौदा माणसांत एकदा तरी बोललास, की हिची हायत म्हणून?"

मंगेश तिथंच उभा राहिला.

ती बुवांकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं असं मंगेश नंतर म्हणाला. "महिनाभर मी त्या कंपनीवर चिडले, बुवा. रातंदिस. माझं घेतलं आणि दुसऱ्याच्या नावानं वाटलं म्हणून. मग त्या माणसानं फोनवर सांगितलं, लेबल तुम्हीच लावलंय. खरंच हाय. तुमच्याच रीतीनं लावलं. अकरा वर्षं माझी गाणी तुमच्या नावानं गाजली. चिपळूणला तुम्हाला शाल मिळाली ती माझ्या गवळणीवर. मी मागं उभी राहून टाळ्या वाजवल्या, मनापास्नं वाजवल्या. कंपनीनं काय निराळं केलं? तिनं निदान विचारलं तरी, रचनाकार कोण म्हणून. रकाना होता तिच्याकडं. तुम्ही पाच वर्षांआधी मला नाव दिलं असतंत, तर त्यात माझं नाव असतं, आणि धुमकाला तुमच्या नावाखाली काय पण सापडलं नसतं."

"गुरूला असं बोलत नायत," कोणीतरी म्हणालं.

"गुरू हायत म्हणून बोलते. कंपनीला बोलून काय उपेग?"

बुवांनी डोळे मिटले होते. बाहेर होळीसाठी तोडून आणलेल्या सुरमाडाच्या खोडाची साल काढत होते, त्याचा आवाज सभामंडपात येत होता. मग ते म्हणाले, "त्या दिवशी देवरुखला नारळ घेऊनच आलो व्हतो मी."

"माहीत हाय. निकाल लागला नि विसरलात."

"विसरलो नाय. चिडलो व्हतो."

"मी पण," दर्शना म्हणाली.

त्यांनी हात पुढे केला. "कागद दे हिकडं."

तिनं अर्ज दिला. तात्या सांगायला लागले की कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते आपण बसून ठरवू. बुवांनी कागदाची घडी घालून बंडीच्या खिशात टाकली आणि भिंतीला धरून उठले.

"माझं काम मला ठाऊक हाय," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

*

सोमवार, २२ मार्च. सकाळी साडेनऊला जानूबुवा ग्रामपंचायतीत गेले आणि शिक्का मारून घेतला. शिक्का मारणाऱ्या ग्रामसेविकेनं सांगितलं की रचनाकाराचा रकाना तेव्हा कोरा होता. तिनं भरून देऊ का विचारलं, तर ते नको म्हणाले. तिथून ते पोस्टात गेले. बाकावर बसून त्यांनी कागद मांडीवर ठेवला, काहीतरी लिहिलं, स्वतः पाकीट चिकटवलं आणि रजिस्टर केलं. पावतीवर वेळ बारा वाजून दहा मिनिटांची आहे.

दुपारी तीनलाही नादबिंबवर 'जानू बंडबे यांच्या शैलीत' लिहिलं की बुवा गात होते. अर्जावर निर्णय व्हायला पंधरा दिवस लागतात, असं कंपनीचं म्हणणं आहे.

संध्याकाळी पाचला केंद्रातून घरी येताना दर्शनाला बुवा पाणवठ्याच्या वळणावर दिसले. दोघंही थांबले. पाकिटात कुणाचं नाव आहे ते बुवांनी सांगितलं नाही. दर्शनानं विचारलं नाही.